चपडा, स्पिरिट आणि बोळा

हल्ली गिऱ्हाईक मोबाइलवरचा फोटो पुढे करतं आणि सांगतं, "आम्हाला असा आरसा पाहिजे." मी आधी विचारतो, वस्तू कधीची आणि कुणाची? आजोबांचं लिहायचं टेबल असेल, घर सोडून जाताना पारशी शेजाऱ्यांनी दिलेलं कपाट असेल, आजोळचा शिसवी झोपाळा असेल, तर आरसा बहुधा आधीपासूनच असतो. वर्षानुवर्षांचे तेलकट हात, उदबत्तीचा धूर आणि कुणीतरी हौसेनं मारलेला व्हार्निशचा थर यांच्याखाली तो गेलेला असतो, इतकंच.

आमच्या घराचं पोट या आरशावर चाललं. वडिलांची लॅमिंग्टन रोडच्या मागच्या गल्लीत फर्निचर दुरुस्तीची शेड होती. वडील जातीचे सुतार, पण पॉलिशला हात लावायचे नाहीत. त्यासाठी उत्तर प्रदेशातून आलेले एक चाचा होते, आणि शाळा सुटली की मी त्यांच्या हाताखाली. सुतार आणि पॉलिशवाला यांचं कधी पटत नाही. वडील म्हणायचे, "आमचं काम झाकून हे पैसे घेतात." चाचा म्हणायचे, सुताराची चूक पॉलिशखाली दुप्पट दिसते. चाचांचं खरं होतं. रंध्याची एक लाट राहिली असेल तर कोऱ्या लाकडावर ती कुणाला दिसत नाही. पॉलिश चढलं की खिडकीच्या गजांचं प्रतिबिंब तिथे वाकडं होतं.

हाताच्या पॉलिशमध्ये मुळात दोनच वस्तू. चपडा आणि स्पिरिट. बाकीचं सगळं मनगट.

चपडा म्हणजे गाळलेली, पत्र्यासारखी पातळ केलेली लाख. पळस, बोर आणि कुसुम या झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर एक बारीक कीड हजारोंनी चिकटून बसते, फांदीचा रस पिते आणि अंगाभोवती राळ सोडते. ती राळ सुकून फांदीवर खडबडीत साल चढावी तशी बसते. पळस-बोरीवरची ती रंगिनी आणि कुसुमावरची ती कुसुमी. कुसुमी फिकी, सोनेरी, म्हणून महाग. छोटा नागपूर आणि छत्तीसगड हा लाखेचा मोठा मुलूख, पण त्याचं एक टोक आपल्या पूर्व विदर्भात येतं. गोंदिया आणि गडचिरोलीच्या पळसांवर लाख घेणारी माणसं आहेत. मुंबईच्या पॉलिशवाल्यांपैकी किती जणांना हे ठाऊक आहे कोण जाणे. माझ्या लहानपणी चपडा दुकानातून कागदाच्या पुडीत यायचा, आणि तो झाडावरून येतो की खाणीतून, यावर शेडमध्ये वाद व्हायचे.

हा वाद जुनाच आहे. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य गोव्यात राहिला; मुंबई बेटाचा खंड त्याच्याकडे होता. १५६३ साली गोव्यात छापलेल्या आपल्या ग्रंथात त्यानं लाखेवर एक प्रकरण लिहिलं आणि ती मुंग्या तयार करतात असं सांगितलं. मुंग्या नव्हेत, पण झाडाचा डिंक नसून किड्याची करामत आहे इथवर गडी पोचला होता. किड्याचं रीतसर वर्णन १७८१ साली जेम्स कर यानं पाटण्याहून लिहून लंडनच्या रॉयल सोसायटीकडे धाडलं, आणि आज त्या किड्याच्या शास्त्रीय नावात त्याचंच आडनाव आहे, केरिया लॅका.

ओर्ताच्या मागोमाग, १५८३ मध्ये, यान हाउखेन फान लिन्सखोटेन हा डच तरुण आर्चबिशपचा चिटणीस म्हणून गोव्यात उतरला. त्याचं प्रवासवर्णन १५९६ साली निघालं. त्यात इथल्या पलंगांवर आणि खुर्च्यांवर रंगीत लाख कशी चढवतात ते आलं आहे. लाकूड चरकावर फिरवायचं, वर लाखेची कांडी दाबायची, घर्षणाच्या उष्णतेनं ती वितळते आणि लाकडाला धरते. हे काम आपल्याकडे आजही होतं. सावंतवाडीच्या खेळण्यांवर आणि पाळण्याच्या दांड्यांवर दिसतं ते हेच. चन्नपट्टणचे कारागीर वरून केवड्याच्या जातीचं पान दाबून घोटाई करतात. मात्र या पद्धतीला वस्तू गोल असावी लागते. टेबलाची पाटी चरकावर कशी फिरवणार? तिथे लाख पातळ करून हातानं लावणं आलं, आणि पातळ करायला दारूचा अर्क हवा.

ती युक्ती पॅरिसच्या कारागिरांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला पक्की केली आणि थोड्याच वर्षांत लंडननं उचलली. तोवर विलायतेतही मेण आणि तेल यांवरच काम भागत होतं. शेरेटन हा नामांकित फर्निचरवाला १८०३ सालच्या आपल्या कोशात जवसाचं तेल आणि विटेची भुकटी यांनी घासायला सांगतो. नवी चकाकी आल्यावर इंग्रज असे खुळावले की आजोबांची मेण लावलेली टेबलं खरवडून त्यांवर लाख चढवू लागले. आज आपल्याकडे लाख खरवडून पी.यू. (पॉलियुरेथेन) चढवतात. खूळ तेच, उलट्या अंगानं.

त्या काळी आपल्याकडून विलायतेला जाणाऱ्या लाखेची किंमत चकाकीसाठी नव्हतीच. तिच्यातून निघणारा तांबडा रंग व्यापाऱ्यांना हवा असे. राळ हा जोडधंदा. १८५६ मध्ये पर्किन नावाच्या इंग्रज पोरानं डांबरापासून जांभळा रंग काढला, त्यामागून स्वस्त रासायनिक रंगांची रांग लागली आणि लाखेच्या रंगाचा बाजार बसला. रंगाचं तांबडं धोवण कारखान्यांच्या गटारांतून वाहून जाऊ लागलं आणि जोडधंदा होता तो धंदा झाला. जगाला चपडा पाहिजे होता, आणि तो जवळजवळ सगळा हिंदुस्थानातून जात होता. मिर्झापूर हे त्याचं मोठं केंद्र.

मिर्झापूरच्या पद्धतीनं चपडा कसा बनतो हे वाचकांना सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. धुतलेले लाखेचे दाणे एका लांबलचक, अरुंद कापडी पिशवीत भरतात. पिशवीचं एक टोक कोळशाच्या भट्टीसमोर, दुसरं टोक लांब बसलेल्या माणसाच्या हातात. तो पिशवी पिळत राहतो आणि भट्टीसमोरच्या टोकातून वितळलेली लाख पाझरते. भट्टीवरचा कारागीर ती उचलून गरम पाणी भरलेल्या चिनी मातीच्या नळकांड्यावर सारखी पसरतो. मग येतो भिलवैया. तो ती कोमट, लवचीक पोळी सोडवून घेतो, भट्टीच्या आचेसमोर धरतो आणि दोन्ही हात, पायाची बोटं आणि दात यांनी एकाच वेळी ताणतो. पोळी वाढत वाढत माणसाएवढी होते, इतकी पातळ की पलीकडचं दिसावं. थंड झाली की तिचे तुकडे करतात. तो चपडा. पॅरिसच्या महालांतल्या पियानोंवर जी चमक होती तिला कुणाचे तरी दात लागलेले होते, हे मला फार आवडतं.

मुंबईत हे पॉलिश साहेबाबरोबर आलं. आपल्या घरांत त्याआधी पॉलिश करण्याजोगं फर्निचर होतंच किती? पाट, चौरंग, पेटारा, देव्हारा, ऐपत असेल तर झोपाळा. त्यांना तेल चोळत, आणि वाड्यांच्या खांबांनाही तेलच. एकोणिसाव्या शतकात मुंबईत कोरीव शिसवी फर्निचर होऊ लागलं, बर्डवूड नावाच्या साहेबानं १८८० सालच्या हिंदी कलांवरच्या पुस्तकात त्याची दखल घेतली, आणि पारशी, गुजराती, मग मराठी वकील-डॉक्टर यांच्या दिवाणखान्यांत ते पोचलं. ब्रह्मदेशातला साग बंदरात उतरत होता. इराण्यांच्या हॉटेलांत मध्य युरोपातून वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या आल्या, त्याही लाखेचं पॉलिश अंगावर घेऊन. म्हणजे आपली लाख बोटीनं गेली आणि खुर्चीवर बसून परत आली. ग्रामोफोनच्या तबकड्यांचं तेच. १९०२ मध्ये कलकत्त्यात गौहरजानचं गाणं भरलं, तबकड्या जर्मनीत हानोव्हरला दाबल्या गेल्या, आणि त्या तबकडीतली राळ म्हणजे पुन्हा लाखच. १९०८ मध्ये कलकत्त्यात कारखाना निघाला तेव्हा कुठे हा फेरा वाचला. बालगंधर्व घराघरांत पोचले ते लाखेवरून, आणि ज्या पेटीतून वाजले तिलाही बहुधा लाखेचंच पॉलिश.

आता काम. चाचांची पद्धत सांगतो. पुस्तकांत यापेक्षा नेटकी सापडेल.

रंध्यानंतर लाकूड फुटक्या काचेच्या धारेनं खरवडायचं. काच रोज नवी फोडायची, धार बोथट झाली की ती खरवडत नाही, ओरबाडते. मग पॉलिश पेपर, नेहमी लाकडाच्या रेषेच्या दिशेनं. मग ओल्या फडक्यानं सगळं पुसून घ्यायचं. नवख्याला वाटतं, एवढं गुळगुळीत केलं आणि पाणी का? तर दबलेले तंतू पाण्यानं उभे राहतात. ते आज उभे राहिलेले बरे, पॉलिशखाली उभे राहिले तर सगळं खरखरीत. सुकल्यावर पुन्हा पेपर. त्यानंतर लांबी: खडूची भुकटी, त्यात लाकडाच्या रंगाप्रमाणे पिवडी किंवा काव, आणि धरायला थोडा सरस. फेव्हिकॉल १९५९ साली निघालं तरी आमच्या शेडमध्ये सरसाचं भांडं पुढे बरीच वर्षं शिजत होतं, आणि त्याचा वास आईला वडिलांच्या सदऱ्याला यायचा. लांबी रेषेच्या आडवी घासायची म्हणजे सागाची छिद्रं भरतात. इथे घाई केली की सहा महिन्यांनी पॉलिश छिद्रांत बसतं आणि पाटीवर टाचणीच्या टोकाएवढे खड्डे उमटतात.

चपडा आदल्या रात्री स्पिरिटमध्ये भिजत घालायचा. लिटरला पाव किलोच्या आतबाहेर, आणि काम पुढे जाईल तसा पातळ. बाटली काचेची किंवा चिनी मातीची. लोखंडाच्या डब्यात ठेवला तर काळा पडतो.

बोळा हे खरं हत्यार. आत कापूस किंवा जुन्या लोकरीचा गोळा, वर कितीदा तरी धुतलेल्या धोतराचा तुकडा. नवं कापड चालत नाही, त्यातल्या खळीमुळे ओरखडे येतात. कापडाची टोकं मागे पिळून घ्यायची आणि बोळ्याला पेरूसारखा आकार द्यायचा, म्हणजे टोक कोपऱ्यांत शिरतं. पॉलिश बोळ्यावर ओतायचं नाही. कापड उघडून आतल्या गोळ्याला पाजायचं, बांधायचं आणि तळव्यावर दाबून पाहायचं. तळवा नुसता ओलसर व्हावा, थेंब येता कामा नये. चाचा माझ्या तळव्यावर दाबायचे. थेंब आला की बोळा माझ्याकडे, पिळून आण.

मग फिरवणं. आधी रेषेनं सरळ, मग लहान वाटोळी, मग इंग्रजी आठ. बोळा पाटीच्या बाहेरून सरकत आत यायचा आणि सरकतच बाहेर जायचा. मध्ये उचलायचा नाही, थांबवायचा तर मुळीच नाही. क्षणभर थांबला तरी स्पिरिट खालचा थर विरघळवतं आणि बोळ्याचा शिक्का उठतो. यातच या कामाचं मर्म आहे. स्पिरिट उडून गेल्यावर सुकलेली लाख पुन्हा स्पिरिटात विरघळते, म्हणून दहावा हात नवव्यात मिसळतो आणि शेवटी थर म्हणून काही उरत नाही, सगळा एकजीव पापुद्रा होतो. रंगाचं तसं नाही, रंगाचे हात एकावर एक बसतात. याच गुणामुळे काम नाजूक आहे, आणि याच गुणामुळे शंभर वर्षांनीही ते दुरुस्त होतं.

बोळा ओढू लागला की बोटाच्या टोकावर घेतलेला जवसाच्या तेलाचा थेंब कापडाला लावायचा. तेल सरकवायला असतं, चमकायला नाही. नवशिका तेलाच्या चमकेला भुलतो, आठवड्यानं ती मळकट होते. म्हणून एक दिवस काम झाकून ठेवायचं, लाख बसू द्यायची, पुन्हा हात द्यायचे आणि अखेरीस जवळजवळ नुसत्या स्पिरिटच्या कोरड्या बोळ्यानं तेल ओढून घ्यायचं. हा शेवटचा हात चाचा कुणाला देत नसत. त्या वेळी पंखा बंद, शेडचं दार बंद, बोलणं बंद. काम संपलं की बोळा झाकणाच्या डब्यात, नाहीतर सकाळी दगड.

पावसाळ्यात शेडमध्ये पॉलिश व्हायचं नाही. स्पिरिट झपाट्यानं उडतं, पृष्ठभाग गार पडतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि पॉलिश दुधाळ होतं. जून ते सप्टेंबर सुतारकाम, वेताच्या खुर्च्या विणणं, आणि गिऱ्हाइकाच्या शिव्या. गणपतीआधी मखर आणि चौरंग पॉलिश करून पाहिजेत असा हट्ट दरवर्षी कुणीतरी धरायचं. उघडीप पाहून, दुपारच्या दोन तासांत, करून द्यायचे.

पावसापेक्षा जाचक होता तो कायदा. मुंबई शहरात दारूबंदी पहिल्यांदा १ ऑगस्ट १९३९ ला आली, पण युद्धाच्या काळात ढिली पडली. स्वातंत्र्यानंतर मोरारजी देसायांच्या आग्रहानं १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा झाला आणि पुढच्या वर्षी संपूर्ण बंदी. लोकांना त्यातली दारू आठवते. आमच्या धंद्याला त्यातली व्याख्या आठवते. पिण्यास निरुपयोगी केलेल्या स्पिरिटपासून बनवलेल्या द्रव्यांत लॅकर आणि व्हार्निश यांच्या जोडीला आमच्या या पॉलिशचं, म्हणजे फ्रेंच पॉलिशचं, नाव त्या कायद्यात आहे. कारण उघड होतं. तलफ आलेली माणसं पॉलिश पिऊ लागली होती. लाख खाली बसवून वरचं पाणी विकणारे अड्डे होते, आणि स्पिरिटमध्ये मुद्दाम मिसळलेलं विष कुणाचे डोळे घेई, कुणाचा जीव. दारूबंदी पुढे साठच्या दशकात सैल झाली, पण विषारी दारू गेली नाही. २०१५ च्या जूनमध्ये मालवणीत शंभरावर माणसं मेली ती मिथेनॉलनंच.

त्या कायद्याचा भार आमच्यासारख्यांवर पडला. स्पिरिटचा हिशेब ठेवा, कुठून आणलं, किती वापरलं ते दाखवा. वडील सांगायचे, एक अंमलदार यायचा आणि विचारायचा, एका कपाटाला एवढं स्पिरिट कसं लागतं? त्याला कसं समजावणार की निम्म्याहून जास्त हवेत जातं? पॉलिशवाल्याच्या अंगाला चोवीस तास दारूचा वास. आयुष्यात थेंब न घेतलेल्या, पाच वेळा नमाज पढणाऱ्या चाचांना ट्रॅममध्ये लोक नाक मुरडून जागा करून देत.

कायद्यानं धंदा मेला नाही. तो सनमायकानं मारला. सत्तरच्या दशकापासून मध्यमवर्गाच्या फ्लॅटमध्ये प्लायवूड आणि वर सनमायका आला. पुसलं की स्वच्छ, गरम पातेलं ठेवलं तरी चालतं, पॉलिशवाल्याला चार दिवस घरात बसवायला नको. नंतर मेलामाइन, मग पी.यू., आणि बोळ्याच्या जागी कॉम्प्रेसरची बंदूक. मी या बदलाला शिव्या घालणार नाही. जेवणाच्या टेबलाला लाखेचं पॉलिश करणं हा मूर्खपणाच आहे. गरम कपाचं पांढरं वर्तुळ उठतं, सांडलेलं पाणी रात्रभर राहिलं तर डाग पडतो, आणि सॅनिटायझरचे दोन थेंब त्याचा निकाल लावतात. माझ्या घरचं जेवणाचं टेबल पी.यू. केलेलं आहे.

पण बंदुकीचं काम चरा पडला की तिथल्यातिथे मिटत नाही. बहुतेक वेळा अख्खी पाटी घासावी लागते. आणि जुन्या शिसवी कपाटावर जाड, पारदर्शक थर दिला की लाकूड काचेच्या पेटीत ठेवल्यासारखं वाटतं. लाखेच्या पॉलिशखाली शिसवीतली जांभळी रेष चालताना हलते. ते बंदुकीला जमत नाही, असं माझं मत आहे आणि ते मी बदलणार नाही.

लाखेवरचं संशोधन रांचीजवळ नामकुमला १९२४ पासून चालू आहे. चपडा आज औषधाच्या गोळ्यांवर, चॉकलेटच्या गोळ्यांवर आणि फळांवर चमक आणायला लागतो. लाख संपलेली नाही. बोळा फिरवणारे हात कमी झाले, कारण पॉलिशचा दर चौरस फुटानं ठरू लागला. फुटावर पैसे मिळणारा माणूस आठ हातांऐवजी तीन हात देणार, यात त्याचा दोष नाही.

म्हणून घरात जुनी वस्तू असेल तर एवढं करा. कापसाच्या बोळ्यावर थोडं स्पिरिट घ्या आणि वस्तूच्या मागे किंवा खालच्या बाजूला, दिसणार नाही अशा ठिकाणी हलकेच टेकवा. जागा चिकट झाली आणि कापूस तपकिरी झाला तर वर लाख आहे. तिला घासायचं मशीन लावू देऊ नका, कोणी कितीही हमी दिली तरी. बऱ्याचदा नुसती धूळ-मेण काढून दोन-चार हात दिले की भागतं. जोगेश्वरीच्या किंवा चोरबाजाराच्या गल्ल्यांत बोळा धरणारा एखादा म्हातारा अजून सापडतो. त्याला दिवाळीनंतर, कोरड्या हवेत बोलवा, आणि मजुरी फुटावर ठरवू नका, रोजावर ठरवा.